एकाच बापाच्या दोघी

पायाकुंबुह
३ फेब्रुवारी २०१६

देस्माविता,

अस्सलामु अलैकुम.

कोणाचं पत्र म्हणून पाकीट उलटसुलट करत बसू नकोस. मी युस्निदार, तुझी थोरली बहीण. आया वेगळ्या, बाप एक, आपला अबाक. अबाकच्या मयताला आपण एकमेकींना पाहिलं होतं. तू तुझ्या आईला धरून विहिरीपाशी उभी होतीस, मी दारात होते. मधे आमच्याकडच्या बायका होत्या. त्यांनी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मला आठवतं.

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. अबाकची खानावळ आता तू चालवतेस एवढं ठाऊक आहे. पेकनबारूला रोज प्रवासी नेणारा स्याफ ड्रायव्हर म्हणाला, "त्या खानावळीत तर मी जेवतो." म्हणून पत्र त्याच्याच हाती देतेय. डब्यात थोडं रेंदांग आहे, मांस आमच्याच म्हशीचं.

आता कामाचं. सात वर्षांपूर्वी मला छातीचा कॅन्सर झाला. उजवी बाजू काढली, औषधं घेतली, बरी झाले. केस परत आले ते चक्क कुरळे आले. मी आपलं घरी तांदळाचे पापड करायचे, उन्हात वाळवायचे, विकायचे, हे सुरू केलं. संपलं सगळं असं वाटलं होतं.

पण मागच्या वर्षी पादांगच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त जकार्ताला पाठवलं. त्यात एक जनुक जन्मापासूनच मोडकं निघालं. बाई म्हणाल्या, शरीरात रोज बारीकसारीक बिघाड होतात, हे जनुक त्यांची डागडुजी करतं, तुमचं ते काम करत नाही. ज्यांचं असं असतं त्यांना एका छातीचा होऊन गेला तरी दुसऱ्या छातीचा होऊ शकतो, आणि पोटात अंडाशयाचाही. आणि हे जनुक आईकडून नाहीतर बापाकडून येतं. माझ्या अमाककडे, म्हणजे आईकडे, कोणालाच असलं काही नाही. म्हणजे आलं ते अबाककडून.

म्हणून लिहितेय. ते तुझ्यातही असेल, नाहीतर नसेलही. नाणं उडवल्यासारखं आहे म्हणे. रक्त तपासून घे. माझ्याशी नातं ठेवू नकोस हवं तर, पण तपासून घे.

तुला तू म्हटलं, राग मानू नकोस.

युस्निदार


पेकनबारू
१९ फेब्रुवारी २०१६

युस्निदारबाई,

आपलं पत्र पोचलं. दुपारच्या गर्दीत, गिऱ्हाइकांसमोर, स्याफने ते माझ्या हातात ठेवलं आणि "तुमच्या उनीने दिलंय" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं. मला कोणी उनी, थोरली बहीण, आहे हे माझ्या पोरींना त्या दिवशी कळलं.

अबाकला अर्धांगवायू झाला तेव्हा तुमच्याकडचे चार पुरुष आले आणि "म्हातारपण गावातच शोभतं" म्हणून त्याला गाडीत घालून घेऊन गेले. माझी आई मागून त्याची औषधाची पिशवी घेऊन धावली. ती पिशवीसुद्धा कोणी काच खाली करून घेतली नाही. त्यानंतर आम्हाला निरोप आला तो थेट मयताचा. मधे एक पत्र नाही, एक फोन नाही. आणि आता तुम्ही सांगता की अबाकनं माझ्यासाठी काहीतरी मागं ठेवलंय.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो माणूस जाताना साधी छत्री ठेवून गेला नाही, आणि हे ठेवून गेला? शक्यच नाही. त्या बाईला म्हणावं, बापाकडून काही येत नसतं, सगळ्या जगाला माहीत आहे."

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. पहाटे उठते, वीस जणांचं जेवण एका हातावर तोलून नेते, मला काही झालेलं नाही. तुम्ही बऱ्या झालात, आनंद आहे. परत लिहू नका.

रेंदांग मी ड्रायव्हरलाच देऊन टाकलं होतं. अर्धं त्याने खाल्लं, उरलेलं माझ्या पोरींनी संपवलं. मी फक्त बोट लावून पाहिलं. तुम्ही ते काळं व्हायच्या आधीच उतरवता.

देस्माविता


पायाकुंबुह
२७ फेब्रुवारी २०१६

देस,

परत लिहू नका म्हणालीस, पण डबा धुऊन पाठवलास आणि आत वाळवलेली मासळी घातलीस. त्याचे आभार तरी मानायला हवेत. मासळी रेस्तीनं, माझ्या लेकीनं, तळली. ती आता चोवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत.

रेंदांगचं तू म्हणतेस ते खरं. माझ्याच्यानं हल्ली चुलीपाशी तेवढं बसवत नाही.

त्या पिशवीचं मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. मी त्या गाडीत नव्हते एवढंच म्हणू शकते. अबाक आमच्याकडे आला तेव्हा मी चाळिशीला आले होते. तो गाव सोडून गेला तेव्हा नऊ वर्षांची होते. मधल्या काळात तो तुझा बाप होता. मला परत मिळाला तो बोलू न शकणारा. मी भरवलेलं खायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. त्यामुळे देस, वाटणी जर झाली असेल तर चांगला हिस्सा तुझ्याकडे गेला.

आता एक ऐक, मग हवं तर पत्र चुलीत घाल. मला पहिल्यांदा गाठ आली तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कोणाला असं झालंय का?" मी म्हणाले, "नाही." खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे घर म्हणजे आईचं. शेत, कूळ, नाव, सगळं आईकडून. बापाच्या बहिणी म्हणजे लग्नामयताला मानानं बसवायच्या पाहुण्या. आपण दोघी त्यांच्या लेखी केळीची पोरं, खोडाला बिलगून उगवलेली, पण बागेत न मोजलेली.

त्या पाहुण्यांचं काय झालं ते मी आता विचारून काढलं. अबाकची थोरली बहीण रोस्माईनी पोट फुगून गेली. लोक म्हणाले, करणी. धाकट्या जालिनारच्या छातीत गाठ होती. थोरलीचे हाल बघून ती इतकी घाबरली की कोणाला बोललीच नाही, ओढणीखाली लपवून हिंडत राहिली. शेवटी वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. अडतिसाव्या वर्षी गेली. मी तिच्या मयताला जेवून आले होते देस, आणि डॉक्टरांना म्हणाले, घरात कोणाला नाही.

तुझ्या आईला सांग, छत्रीचं तिचं म्हणणं बरोबर आहे. पण हे त्यानं ठेवलं नाही, त्यालाही कळलं नसेल. त्याच्याकडून ते नुसतं खाली उतरलं.

तुला दोन मुली आहेत. मी आणखी काय लिहू?

उनी युस


पेकनबारू
१० मे २०१६

उनी,

बरेच दिवस झाले, लिहिलं नाही. कारण सांगते.

तुमचं पत्र मी चुलीत घातलं नाही. मिरच्यांच्या डब्याखाली ठेवलं होतं. दर वेळी डबा उचलला की जालिनार एतेक, आपली ती आत्या, दिसायची. तिनं मला लहानपणी एकदा रेशमी रिबन पाठवली होती, गावाकडून आलेली ती एकच वस्तू. शेवटी मार्चमध्ये जाऊन रक्त दिलं. घरी सांगितलं नाही, बाजारात जाते म्हणाले.

आहे उनी. माझ्यातही आहे.

डॉक्टर माणूस बरा होता, हळू बोलत होता. म्हणाला, "घाबरू नका, हा आजार नाही, धोका आहे. छातीची दर वर्षी तपासणी करत राहू. पण अंडाशय आणि नळ्या आताच काढून टाका, तुमची मुलं होऊन गेली आहेत. पोटातला हा कॅन्सर वेळेवर दिसत नाही, दिसतो तेव्हा हाताबाहेर गेलेला असतो." मी मान हलवली, बाहेर आले आणि भाजी घेऊन घरी गेले. बाजार सांगितला होता ना.

मग रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगितलं. हेन्दरी, माझा नवरा, म्हणाला, "दुखत नाही, खुपत नाही, आणि चांगलं शरीर कापून घ्यायचं? आधी एखाद्या वैद्याला दाखवू." आईनं तर ताट सरकवलं. म्हणाली, "बाईच्या पोटातलं काढलं की राहतं काय? नुसती रिकामी पिशवी."

मला भीती वाटते. कॅन्सरची वाटते त्याहून ऑपरेशनची वाटते, असं म्हटलं तर हसाल. एका दिवसात म्हातारी होईन म्हणतात. अंगातून वाफा येतात, झोप येत नाही, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. मला नको आहे हे. दोन वर्षांनी बघू असं ठरवलंय.

तुम्ही काय केलंत? तुम्हाला तर एकदा होऊन गेलाय. काढून घेतलंत का? खरं सांगा.

देस


पायाकुंबुह
१४ मे २०१६

देस,

स्याफला थांबवून ठेवलंय, गाडीतले प्रवासी ओरडतायत, तरी लिहितेय.

हो, मी काढून घेतलं. मार्चमध्येच. तुला कळवायचं राहून गेलं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. पोटाला तीन बारीक छेद देतात, त्यातून काढतात. सकाळी आत नेलं, दुपारी पेज प्यायले. तिसऱ्या दिवशी अंगणात पापड उलटत होते. शेजारीण म्हणाली, "तू दवाखान्यात गेली होतीस की नणंदेकडे?"

वाफांचं खरं आहे. येतात आणि जातात. बसल्या जागी घाम फुटतो, पंख्याखाली बसायचं. म्हातारी वगैरे काही होत नाही. आरशात बघितलं तर मीच होते. नवऱ्याचं मला विचारू नकोस, मला विचारायला नवरा नाही, पण दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती, ती म्हणाली की थोडा धीर धरला की सगळं जागेवर येतं.

दोन वर्षं थांबू नकोस. दोन महिनेही नको. तुझ्या आईला म्हणावं, पिशवी तर पिशवी, पोरींना घरात चालतीबोलती पिशवी चालेल. आणि हेन्दरीला म्हणावं, मी एकदा घरी येऊन त्याच्याशी बोलेन. मी बोलायला लागले की पुरुष सही करून मोकळे होतात.

तू घाबरट नाहीस. पहिल्याच पत्रात मला झोडपून काढलंस, घाबरट माणसं असं लिहीत नाहीत.

युस


पेकनबारू
३० जुलै २०१६

खोटारड्या उनी,

पेज प्यायलात म्हणे दुपारी. मला पाण्याचा घोट पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी अंगणात? मी तिसऱ्या दिवशी खाटेवरून पाय खाली सोडला आणि पोरींना शिव्या दिल्या. हसले की टाके ओढायचे आणि ही आमची आई, तेव्हाच तिला विनोद सुचायचे.

पण झालं. ईद झाली आणि लगेच जाऊन करून घेतलं. काढलेलं सगळं तपासायला पाठवलं होतं, काल डॉक्टरनं बोलावलं. म्हणाला, "काही नव्हतं. स्वच्छ. वेळेत आलात." मी खुर्चीत बसून रडले. हेन्दरीही रडला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला की त्याच्या डोळ्यात धूळ गेली.

वाफा येतात. मी चुलीपाशीच उभी असते, त्यामुळे कोणाला फरक कळत नाही.

उनी, तुमचं ते पत्र नसतं तर मी गेले नसते. ऑपरेशनच्या सकाळी मी ते ओढणीत बांधून नेलं होतं. नर्स म्हणाली, आत कागद चालत नाही. मी म्हणाले, वाचून दाखवते मग ठेवा. तिला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी पापड, हे ऐकून ती फक्त हसली. आता कळतं का हसली ते.

सप्टेंबरमध्ये मी पोरींना घेऊन येतेय. आईही येते म्हणते, बघू. अबाकच्या कबरीवर जाऊ. तुमचे टाके आणि माझे टाके लावून बघू, कोणाचे नीट शिवलेत.

तुमची देस


पायाकुंबुह
६ ऑगस्ट २०१६

देस,

तुझं पत्र रेस्तीनं दोनदा वाचून दाखवलं. स्वच्छ, हा शब्द मी तिला परत परत वाचायला लावला.

सप्टेंबरमध्ये नको येऊ. छपराचं काम काढलंय, घरात बसायला जागा नाही. डिसेंबरात ये, तेव्हा आंबट संत्री असतात.

अक्षर वाकडं आलंय, हाताला थोडी मुंग्यांची तक्रार आहे. बाकी बरी.

पोरींच्या बाबतीत घाई करू नकोस. मोठ्या झाल्या की सांग, पण सांग. जालिनार एतेकचंही सांग.

युस


पायाकुंबुह
२५ ऑगस्ट २०१६

एतेक देस,

मी रेस्ती, तुमची भाची. तुम्ही मला पाहिलेलं नाही. अमाकला न सांगता लिहितेय.

छपराचं काही काम चाललेलं नाही. अमाक अंथरुणाला खिळली आहे. तिचं ऑपरेशन कधी झालंच नाही. काढून टाकण्याची वेळ तिच्यासाठी गेलेली होती. मागच्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं, तेव्हा आम्ही पादांगला गेलो. अंडाशयाचा कॅन्सर होता, सगळीकडे पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त जकार्ताला पाठवलं ते त्यामुळेच. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच आठवड्यात तिच्या पोटातलं पाणी काढून आणलं होतं. औषधं दिली, काही महिने बरं वाटलं, मग उपयोग होईना.

ऑपरेशनचं तिनं दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला फोनवर विचारून विचारून लिहिलं. मी तिला म्हणाले होते, हे बरोबर नाही. ती म्हणाली, "तू गप्प बस आणि शाई आण."

लवकर या.

रेस्ती


पेकनबारू
२० नोव्हेंबर २०१६

रेस्ती बाळा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. उनीच्या दफनाहून परतताना तू मला म्हणालीस, "तुम्ही वाचलात ना, मग आता जा." मी गेले. मी रागावले नाही. तुझ्या जागी असते तर मी याहून वाईट बोलले असते, तुझ्या आईनं माझं पहिलं पत्र दाखवलं असेल तर तुला कल्पना असेल.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती सांगायला हवी. मी आले त्याच दिवशी तू औषध आणायला गेली होतीस. ती उशीला टेकून बसली होती, एवढीशी झालेली. मी आत गेले तेव्हा म्हणाली, "स्याफच्या गाडीनं आलीस का? फार हळू चालवतो."

मी म्हणाले, "टाके दाखव."

ती हसली. "नाहीत."

"मग तिसऱ्या दिवशी अंगणात कोण फिरत होतं?"

"शेजारच्या खाटेवरची. अर्निस नाव तिचं. फार चिवट बाई."

"खोटारडी आहेस उनी."

"आहे. मी मरतेय असं लिहिलं असतं तर तू कापून घ्यायला गेली असतीस?"

मी डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग म्हणाले, "नाही. पळाले असते."

"जालिनार एतेकसारखी."

"हो."

"मग झालं तर," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावलं, माझा कुर्ता वर करून टाक्यांवर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. एकेक टाका बोटानं चाचपला. म्हणाली, "चांगलं शिवलंय. कोणीतरी मन लावून शिवलंय."

हात तसाच ठेवून तिनं मला विचारलं, "अबाक तुमच्याकडे असताना माझी आठवण काढायचा का गं?"

रेस्ती, अबाकनं आमच्या घरात तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं. मला बहीण आहे हे मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

मी म्हणाले, "रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरं वाटलं का नाही, देव जाणे. पण हात तिनं काढला नाही. तू येईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

आता तुझं. तुझ्यातही ते असू शकतं. तू म्हणालीस, कळून घ्यायचं नाही. मी जबरदस्ती करणार नाही, पण मी तिच्यासारखं गोड खोटंही लिहिणार नाही. दुखतं. भीती वाटते. वाफांनी जीव हैराण होतो. तुला तर अजून बराच अवकाश आहे, आता फक्त तपासण्या करत राहायच्या. पण माहीत असलेलं बरं. माझी बहीण ज्या गोष्टीनं गेली ती मला माहीत होती म्हणून मी आहे. ती गेली कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं. याच्यापुढे मला युक्तिवाद येत नाही, मी खानावळवाली आहे.

माझी आई विचारते, पोरगी एकटी जेवते का. तिला काय सांगू?

एतेक देस


पायाकुंबुह
४ फेब्रुवारी २०१७

एतेक,

मी जानेवारीत रक्त देऊन आले होते. तुम्हाला कळवलं नाही. नसेल तर मग सांगू, असं ठरवलं होतं.

आज पादांगला जाऊन रिपोर्ट आणला. माझ्यातही आहे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. दर वर्षी छाती तपासायची, पोटाचं पुढं बघायचं, लग्न करायचं, मुलं लवकर होऊ द्यायची. मी सगळं ऐकून घेतलं, वहीत उतरवलं, एक-दोन प्रश्नही विचारले. त्या म्हणाल्या, "शिक्षिका आहेस ना, कळतं." परतीच्या गाडीत शेजारच्या बाईशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मला वाटलं, मी चांगली सावरले.

घरी आले, चपला काढल्या, दिवा लावला, आणि नेहमीसारखी दारातूनच हाक मारली, "अमाक, आले गं, बस उठून, सांगायचंय तुला."

हाक मारून झाल्यावर आठवलं.

मग तिथंच पायरीवर बसले. अजून आत गेलेले नाही, हे पायरीवरच लिहितेय. स्याफ उद्या सकाळी निघतो, त्याच्याकडे देते.

तुमच्या आईला सांगा, हो, एकटीच जेवते.

तुम्ही या.

रेस्ती